नळ हळू बंद कर

आजोळी मोरीतला नळ कुणी खटकन बंद केला की आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज यायचा, "हळू. पाण्याला धक्का द्यायचा नाही." नळाचा वायसर झिजतो, नवा आणायला कर्जतला जावं लागतं, म्हणून म्हातारा ओरडतो, असं आम्ही भावंडं समजायचो. आजोबा भिवपुरीच्या वीजघरात खलाशी होते. जहाजावरचे खलाशी नव्हेत. कारखान्यात आणि रेल्वेत दोर, कप्पी आणि पहारीच्या जोरावर जड वस्तू हलवणाऱ्या माणसालाही खलाशीच म्हणतात. सह्याद्रीच्या अंगावरून खाली उतरणाऱ्या पाइपांवर त्यांची सगळी नोकरी गेली. रंग, बोल्ट, गळती, चढणं, उतरणं. शाळा चौथीपर्यंत.

मी इंजिनीअर झालो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात टेकडीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर काम होतं. लाइन दीडेक किलोमीटरची. खालच्या टोकाचं गॅस्केट बदलायचं होतं, जेवणाची सुट्टी जवळ आली होती. मी बटरफ्लाय व्हॉल्व्हचा दांडा धरला आणि पाव फेरी फिरवून बंद केला. दीड सेकंद लागला असेल. दांडा टेकतोय तोच पाइपावर कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला, दहा मीटर मागचा कोपरा जागेवरून सुटला आणि तिथे उभा असलेला माझा सहकारी पाण्याच्या लोटाबरोबर भिंतीवर जाऊन आदळला. त्याचं खांद्याचं हाड मोडलं. उजवा हात अजूनही पूर्ण वर जात नाही.

कोपऱ्याला धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळा कंत्राटदारानं घातलाच नव्हता, हे चौकशीत निघालं आणि मी सुटलो. कागदावर सुटलो. जे झालं त्याचं गणित मी चार वर्षांपूर्वी परीक्षेत सोडवलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. ते गणित आणि व्हॉल्व्हचा दांडा यांचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसाला माहीत असलेली गोष्ट मला का माहीत नव्हती, या प्रश्नापायी मी पुढे बरंच वाचलं, आणि वाचत वाचत भिवपुरीलाच परत आलो.

०००

आधी भिवपुरी कुठे आहे ते सांगतो, कारण लोकलनं जाणारे बहुतेक जण चुकतात. नेरळ आणि कर्जतच्या मधे जे स्टेशन लागतं ते भिवपुरी रोड. पावसाळ्यात धबधब्यासाठी मुंबईची पोरं उतरतात ते. स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की गाव लांब आहे असं समजावं, हा रेल्वेचा जुना संकेत. वीजघराची भिवपुरी कर्जतच्या पूर्वेला, घाटाच्या अगदी पायथ्याशी. तिथून कुसूरची जुनी वाट वर मावळात चढते. वर पोचलं की आंदर मावळ आणि ठोकरवाडी धरणाचं लांबच लांब पाणी.

हे पाणी आंद्रा नदीचं. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे घाटमाथ्यावर पडलेला हा पाऊस खरं तर बंगालच्या उपसागराकडे निघालेला असतो. त्याला अडवायचं, डोंगराला भोक पाडून पश्चिमेकडे वळवायचं, कड्यावरून पाइपांतून खाली सोडायचं आणि पायथ्याशी वीज करायची, अशी ही योजना. सह्याद्रीच्या पावसापासून वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदानं जमशेटजी टाटांपुढे मांडली होती. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी १९११ मध्ये झाली, खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, आणि गिरण्यांची भूक तेवढ्यानं भागत नाही हे दिसल्यावर १९१६ मध्ये आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली. (नावातला 'आंध्र' म्हणजे ही आपली आंद्रा. तेलुगू मुलखाशी काही संबंध नाही.) भिवपुरीचं वीजघर १९२२ मध्ये सुरू झालं.

आकडे त्या काळच्या मापात सांगतो. धरण सुमारे १९० फूट उंच. डोंगरातला बोगदा सव्वा मैलाचा, काळ्या कातळातून. बोगद्याच्या तोंडापासून वीजघरापर्यंत पाण्याची पडण सुमारे १७५० फूट, म्हणजे ५३० मीटरच्या वर. खाली पाइपाच्या तोंडाशी दाब दर चौरस इंचाला ७५० पौंडांच्या आसपास. मोटारीच्या चाकात हवा तीस-पस्तीस पौंड असते. खालून मुंबईला वीज नेणारी तारांची लाइन ५६ मैलांची.

या सगळ्यात मला धरणापेक्षा, बोगद्यापेक्षा पाइपच महत्त्वाचा वाटतो. पक्षपात असेल. पण धरण नुसतं उभं असतं. पाइपात कोंडलेलं पाणी दर सेकंदाला काहीतरी करत असतं.

०००

आता परीक्षेतला तो प्रश्न. लोखंडाच्या, रबराच्या, कशाच्याही दंडगोलावर वरून दाब दिला तर तो आखडतो आणि त्याच वेळी पोटात फुगतो. मोकळा असेल तर फुगेल. पण तोच दंडगोल एका जाड, न हलणाऱ्या नळीत घट्ट बसवला आणि मग वरून दाबला तर? फुगायला जागा नाही. मग किती आखडेल, आणि नळीच्या भिंतीवर किती रेटा येईल?

घरात हे यंत्र आहे. चकलीचा सोऱ्या. पीठ वरून दाबतो, पण ते भांड्याच्या भिंतींनाही रेटत असतं. पत्र्याचा सोऱ्या जोरात दाबला की शिवणीत उकलतो, तो याच रेट्यामुळे. पीठ लवचीक नाही, त्यामुळे उदाहरण तंतोतंत नाही, पण आजीच्या सोऱ्याची उकललेली शिवण मी पाहिलेली आहे.

या फुगण्याला आकडा देणारा माणूस सिमेओं दनी प्वासाँ. आपल्याकडे कॉलेजात सगळे 'पॉइसन' म्हणतात, जणू विषच. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ मासा. १८२९ मध्ये त्यानं मांडलं की लांबीत जेवढं आखडणं होतं त्याच्या चौथा हिस्सा रुंदीत फुगणं होतं, आणि सर्व पदार्थांना हाच आकडा लागू आहे. कागदावर सिद्ध केलं होतं, सुंदर केलं होतं. मग १८४८ मध्ये वेर्थाइमनं काच आणि पितळ घेऊन मोजलं, तर एक तृतीयांशाच्या जवळ आलं. १८५९ मध्ये किर्खहोफनं पोलाद मोजलं, ०.२९४ आलं. सिद्धांत आणि मोजमाप यांचं हे भांडण पन्नासेक वर्षं चाललं. शेवटी मोजमाप जिंकलं. प्रत्येक पदार्थाचा आकडा वेगळा. पोलादाचा साधारण ०.३. रबराचा अर्ध्याच्या अगदी जवळ. बुचाच्या लाकडाचा जवळजवळ शून्य, म्हणून तर बूच बाटलीत ढकलता येतं. रबराचं बूच ढकलायला गेलं की ते फुगून तोंडातच अडकतं.

तर उत्तर असं. पोलादाचा दंडगोल न हलणाऱ्या नळीत कोंडून दाबला तर तो मोकळ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त ताठ वागतो, आणि वरून जेवढा दाब दिला त्याच्या ४३ टक्के दाब भिंतीवर उतरतो. रबर कोंडून दाबलं तर ते दगडासारखं वागतं. हलायला जागाच नाही, आणि वरचा जवळजवळ सगळा दाब बाजूला पोचतो.

खऱ्या दगडावरही हा प्रयोग झालाय. मॉन्ट्रियलमध्ये अॅडम्स आणि निकल्सन यांनी संगमरवराचे दंडगोल लोखंडी नळ्यांत घट्ट बसवून वरून दाबले आणि १९०१ मध्ये निकाल छापला. संगमरवर फुटून भुगा झाला नाही, त्यानं आकार बदलला. मोकळ्यावर तोच दाब दिला असता तर चुरा उडाला असता. दहा वर्षांनी फॉन कार्मान यानं चारी बाजूंनी द्रवाचा दाब देऊन हेच आणखी नीट दाखवलं. डोंगराच्या पोटातला कातळ एवढं ओझं कसं पेलतो, त्याचं एक उत्तर इथे आहे. त्याला बाजूला सरकायला जागा नसते.

०००

मी व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा कोंडलेला दंडगोल पाण्याचा होता. हे मला दिसलं नव्हतं, कारण पाणी दाबलं जात नाही असं शाळेत शिकवतात.

दाबलं जातं. एक टक्का दाबायला सुमारे २२० वातावरणांचा दाब लागतो, एवढंच. भिवपुरीच्या पायथ्याचा दाब जेमतेम पन्नास वातावरणांचा, तेव्हा तिथलं पाणी पाव टक्काही दबत नाही. पण त्या पाव टक्क्यातच सगळा खेळ आहे.

हिशेबासाठी धरा, दीड किलोमीटर लांब आणि एक मीटर व्यासाचा पाइप आहे. (भिवपुरीची खरी मापं ही नव्हेत, सोयीची आहेत.) आतलं पाणी जवळजवळ बाराशे टन. सकाळच्या गच्च भरलेल्या कर्जत लोकलपेक्षा जड. ते सेकंदाला तीन मीटर, म्हणजे सायकलच्या वेगानं चाललंय. आता खालचं तोंड एकदम बंद केलं. लोकल बफरला धडकली की पहिला डबा आधी थांबतो, दुसरा त्यावर येऊन थांबतो, मग तिसरा. पाण्याचं तसंच होतं. तोंडाशी असलेला थर थांबतो, दबतो. मागचा थर त्यावर येऊन थांबतो, दबतो. हा दबण्याचा निरोप वर टाकीकडे जातो सेकंदाला हजार-बाराशे मीटरच्या वेगानं. तो निरोप वर पोचून परत येईपर्यंत तळाशी दाब चढलेलाच राहतो. या पाइपात त्याला अडीच सेकंद लागतील. त्या अडीच सेकंदांच्या आत तोंड पूर्ण बंद केलं तर ते हळूहळू केलं की झटक्यात केलं, यानं शेवटच्या दाबात काही फरक पडत नाही. पूर्ण धक्का बसतोच.

माझ्या लाइनचीही लांबी तेवढीच होती. मला दीड सेकंद लागला होता.

धक्का किती, हे सांगणारा नियम निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखतात. विमानविद्येतलं त्याचं नाव मोठं, पण हे काम मॉस्कोच्या नळांचं. शहरात पाण्याचे मोठे नळ फुटत होते, म्हणून त्यानं जमिनीवर मुद्दाम नळ अंथरून प्रयोग केले आणि १८९८ मध्ये निकाल मांडला. नियम सोपा आहे. पाण्याची घनता, निरोपाचा वेग आणि थांबवलेल्या पाण्याचा वेग, तिघांचा गुणाकार. वरच्या पाइपात तो येतो ३६ वातावरणं. पाइपात आधीच असलेल्या दाबात ही भर. माझ्या लाइनमध्ये धक्का तीस किलोच्या आसपास होता. लाइन दहा किलोची होती.

निरोपाचा वेग कुठून येतो, तेही पाहण्यासारखं आहे. मोकळ्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो. पाइपात कमी होतो, कारण पाणी दबताना बाजूला रेटतं आणि पोलादाची भिंत किंचित फुगून त्याला थोडी जागा देते. ती जितकी पातळ तितकी जास्त जागा, तितका निरोप मंद. हा हिशेब डीडरिक कॉर्टेवेग या डच गणितीनं १८७८ मध्ये बसवला. म्हणजे तोच परीक्षेतला प्रश्न. फक्त दंडगोल पाण्याचा आणि नळी थोडीशी लवचीक. पुढे यात प्वासाँचा आकडाही शिरला. पाइप दोन्ही टोकांना जखडलेला आहे की सांध्यात सरकू शकतो, यावर निरोपाचा वेग एखाद्या टक्क्यानं बदलतो. टक्क्यासाठी कोण डोकं लावतं, असं मला कॉलेजात वाटायचं.

०००

भिवपुरीचं वीजघर उभं राहत होतं तेव्हा हे ज्ञान वीस वर्षांचं होतं. इटलीत अल्लिएव्ही यानं १९०२ पासून जलविद्युत पाइपांसाठी हाच हिशेब पुढे नेला होता. म्हणजे नवंच होतं. आणि भिवपुरीसमोर पेच असा होता.

पाइपातून आलेलं पाणी खाली पेल्टनच्या चाकावर पडतं. लेस्टर पेल्टन यानं १८८० मध्ये कॅलिफोर्नियात पेटंट घेतलेलं हे चाक. कडेला दुहेरी वाटीसारख्या वाट्या, त्यांवर झोत आदळतो. ५३० मीटर पडलेल्या पाण्याचा झोत हिशेबानं सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या वर. आता समजा ५६ मैलांच्या त्या लाइनवर कुठेतरी वीज पडली किंवा फांदी आली, आणि मुंबईचा भार एका क्षणात नाहीसा झाला. चाकावरचं ओझं गेलं, झोत मात्र तोच. चाक सुसाट सुटणार, जनित्राच्या चिंधड्या उडणार. म्हणून झोत ताबडतोब थांबवायला हवा. आणि झोत ताबडतोब थांबवला की वरचा पाइप फुटणार.

चाक वाचवायचं तर घाई, पाइप वाचवायचा तर सबुरी. दोन्ही एकाच वेळी.

यावरचा तोडगा मला आजही फार आवडतो. झोत थांबवायचाच नाही. तोंडापुढे एक पोलादी पट्टी असते, भार गेला की ती क्षणात आडवी येते आणि झोताला वाट्यांपासून बाजूला वळवते. पाणी वाहतंच आहे, फक्त चाकावर पडत नाही. चाक वाचलं. मग तोंडातली सुई आरामात पुढे सरकत तोंड बंद करते. पाइप वाचला. पेल्टनच्या चाकावर ही सोय असतेच. आणि वर, बोगदा संपून पाइप सुरू होतात तिथे, एक उभी विहीर असते. सर्ज चेंबर. बोगद्यातलं थांबलेलं पाणी कातळाला रेटण्याऐवजी त्या विहिरीत वर चढतं, डुलत राहतं, शांत होतं. सव्वा मैलाच्या बोगद्याला धक्का पोचत नाही.

आजोबा याला 'वरची विहीर' म्हणत. लहानपणी मला वाटायचं, तिथे कुणी पाणी भरायला जात असेल.

०००

पाइपाचं आणखी एक दुखणं आहे. ते पाण्याच्या धक्क्याइतकं नाट्यमय नाही, पण आजोबांच्या पायांचे गुडघे त्यानंच खाल्ले.

पाइप दाबानं भरला की फुगतो. फुगला की, प्वासाँच्या हिशेबानं, लांबीत आखडू बघतो. पण उतारावरच्या पाइपाला प्रत्येक वळणावर घरासारख्या काँक्रीटच्या ठोकळ्यात जखडलेलं असतं. आखडू दिलं जात नाही. मग आखडणं तर होत नाही, त्याऐवजी पोलादात लांबीच्या दिशेनं ताण तयार होतो. फुगण्याचा ताण शंभर असेल तर हा तीस. त्यात ऊन. पोलादाचा एक किलोमीटर वीस अंश तापला की २४ सेंटिमीटर वाढू पाहतो. रिकामा पाइप मे महिन्यात दुपारी तापतो, वाढू पाहतो, ठोकळे वाढू देत नाहीत, आत दाब. त्याच पाइपात धरणाचं गार पाणी सोडलं की तो थंड होतो, आखडू पाहतो, शिवाय फुगल्यामुळे आणखी आखडू पाहतो, आत ताण. एका दुपारीत पोलाद दाबातून ताणात जातं. डोळ्यांना काही दिसत नाही. ठोकळ्याच्या कडेला केसाएवढी भेग दिसते, सांध्यावर ओल दिसते, बोल्टाचा नट पाव आटा ढिला झालेला असतो.

ते बघायला माणूस लागतो. पायऱ्या चढत जाणारा. आजोबा हातोडीनं बोल्ट ठोकून आवाज ऐकत. घट्ट बोल्टाचा आवाज आणि ढिल्याचा वेगळा. पाइप भरायचा तर थेंबाथेंबानं, हवा आधी बाहेर काढून, तासन् तास. "नव्या नवरीला घरात घेतात तसं," म्हणायचे, आणि आजी नाक मुरडायची.

घाई केली किंवा काही नजरेतून सुटलं तर काय होतं याची उदाहरणं दूरची आहेत. जपानमध्ये ओइगावा नदीवरच्या वीजघरात १९५० मध्ये व्हॉल्व्ह एकदम बंद झाला. धक्क्यानं पाइप खाली फुटला, पाणी भसकन निघून गेलं आणि मागे वर एवढी पोकळी झाली की बाहेरच्या हवेच्या दाबानं तोच पाइप कागदाच्या नळीसारखा चपटा झाला. तीन माणसं गेली. स्वित्झर्लंडमध्ये बिउद्राँच्या वीजघराला तर १८८० मीटरची पडण, भिवपुरीच्या साडेतीनपट. तिथे १२ डिसेंबर २००० ला पाइप नऊ मीटर लांब उकलला. तिथेही तीन माणसं गेली. तो धक्का नव्हता, वेल्डिंगमधल्या भेगा होत्या. नवं, जगातलं उत्तमोत्तम वेल्डिंग. वीजघर नऊएक वर्षं बंद राहिलं. हे वाचलं त्या रात्री मला हातोडीचा आवाज आठवत राहिला.

०००

या इतिहासात एक बाजू मी अजून लिहिलेली नाही, आणि ती न लिहिता थांबणं बरं दिसणार नाही. आजोबा स्वतः मावळातले. वरच्या बाजूचे. टाटांच्या धरणांखाली मावळ्यांच्या भाताच्या जमिनी गेल्या. भिवपुरीचं काम चालू असतानाच, १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, शेजारच्या मुळशी खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट ही त्यातली नावं. धरण तरीही झालं, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आमच्या घरात याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आजोबांचे वडील वरची जमीन गेल्यावर खाली आले आणि पुढे मुलगा त्याच पाण्याच्या पाइपावर नोकरीला लागला, एवढं आईकडून कळलं. पगार वेळेवर व्हायचा, क्वार्टर पक्की होती, आजोबा कंपनीबद्दल वाईट बोलले नाहीत. धरणाकडे मात्र कधी फिरायला गेले नाहीत. कोंडलेपणा, दाब, ताण हे शब्द इथे माणसांना लावायचा मोह होतो. लावत नाही. पोलादाला लवचीकतेची हद्द असते आणि ती मोजता येते. माणसांचं असं काही मोजता येतं असं मला वाटत नाही, आणि पणजोबांना काय वाटलं हे विचारायला कुणी उरलेलं नाही.

उलट बाजूही खरी आहे. वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी राजनाला कालव्यातून कर्जत तालुक्यात फिरतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळा कोकण पिवळा असताना इथे भाताची हिरवी खाचरं दिसतात. बाकीचं पाणी उल्हास नदीतून बदलापूर-कल्याणकडे जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेला पाऊस डोंबिवलीच्या बाजूला नळाला येतो.

वीजघर आजही चालू आहे, ७५ मेगावॉटचं. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात करार झाला, भिवपुरीला १००० मेगावॉटचा नवा प्रकल्प उभारायचा. यात पाणी खालीही येईल आणि परत वरही चढेल. उन्हाच्या, वाऱ्याच्या विजेची चलती असेल तेव्हा वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचं. भिऱ्याला असं १५० मेगावॉटचं यंत्र आधीपासून आहे. पेल्टनचं चाक उलटं फिरवून पाणी वर चढवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचं यंत्र लागतं, ज्यात पाणी चाकाच्या भोवती कोंडलेलंच असतं. तिथे मोकळा झोत नाही, म्हणजे झोत वळवणारी पट्टीही नाही. चाकाची घाई आणि पाइपाची सबुरी यांचा पेच नव्यानं सोडवावा लागतो: झडपा किती सेकंदांत मिटायच्या, वरच्या-खालच्या विहिरी किती मोठ्या करायच्या. पाणी दिवसातून दोनदा दिशा बदलणार, म्हणजे पोलादाचं आखडणं-वाढणंही दिवसातून दोनदा.

गेल्या पावसाळ्याच्या आधी मी माझ्या त्या सहकाऱ्याला घेऊन भिवपुरीला गेलो. त्यानंच म्हटलं होतं, तुझ्या आजोबांचे पाइप दाखव. वीजघराच्या आत सोडत नाहीत, ते बरोबरच आहे. फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून पाइप दिसतात, डोंगरावरून सरळ खाली येणारे, मधे मधे ठोकळे. तो बराच वेळ ठोकळेच बघत होता. मग डाव्या हातानं वर बोट दाखवून म्हणाला, "तिथून इथपर्यंत निरोप यायला किती वेळ?"

मी म्हणालो, एखाद-दीड सेकंद.

"आणि परत?"

"तेवढाच."

तो मनातल्या मनात काहीतरी मोजत असावा. मग आम्ही सहा आसनी रिक्षा पकडून कर्जतला आलो. स्टेशनवर वडापाव घेतला. हात धुवायला नळावर गेलो, तर त्यानं डाव्या हातानं नळ बंद करायला सुरुवात केली आणि माझ्याकडे बघत तो इतका हळू फिरवला की मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "अहो काका, गाडी सुटेल."